झाडू, झटका, झडप : ‘स्वीप’च्या गोतावळ्यातले शब्द

झाडणे, पुसणे, झटकणे या रोजच्या कामांसाठी इंग्रजीत स्वीप, स्वाइप, ब्रश, वाइप, डस्ट असे पाच-सहा साधे शब्द आहेत. पण ते घरापुरते राहिलेले नाहीत. बँकेच्या मेसेजमध्ये, विम्याच्या अर्जात, क्रिकेटमध्ये, शेतीच्या औषधाच्या पुड्यावर सगळीकडे ते भेटतात आणि जागेप्रमाणे अर्थ बदलतात. नागपूर आणि परिसरातल्या वाचकांनी या शब्दांबद्दल विचारलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझ्या पेन्शनच्या खात्यातून ३७ हजार रुपये ‘स्वीप आउट’ झाल्याचा मेसेज आला. पासबुक घेऊन बँकेत धावलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘काका, पैसे कुठेच गेले नाहीत.’ मग स्वीप म्हणजे झाडून नेणे नव्हे का? — सेवानिवृत्त शिक्षक, महाल

झाडणेच आहे, फक्त केर कुठे गेला ते बघायला हवे. एखाद्या जागेवरचे जास्तीचे जे काही आहे ते एका ओघात एका बाजूला नेणे, हा ‘स्वीप’चा गाभा. झाडूने केर कोपऱ्यात जातो. ‘ऑटो स्वीप’ खात्यात ठरलेल्या मर्यादेवरची रक्कम बचतीतून मुदत ठेवीत जाते. ठेव तुमच्याच नावावर असते. मराठीत ‘ठेवीत वळवले’ म्हटले की छातीत धस्स होत नाही.

तुमचाच आकडा घेऊ. समजा मर्यादा २५ हजारांची आहे आणि खात्यात ६२ हजार जमा झाले. वरचे ३७ हजार ठेवीत गेले. पुढच्या महिन्यात तुम्ही ४० हजारांचा चेक दिला, तर बचतीतले २५ हजार वापरले जातील आणि कमी पडणारे १५ हजार ठेवीतून परत येतील. या उलट्या प्रवासाला ‘रिव्हर्स स्वीप’ किंवा ‘स्वीप इन’ म्हणतात. ठेव हजार-हजारांच्या तुकड्यांत असेल तर १५च तुकडे मोडतात, उरलेले २२ हजार ठरल्या दराने चालू राहतात. बऱ्याच बँकांत सगळ्यात शेवटी झालेली ठेव आधी मोडली जाते, म्हणजे जुन्या ठेवीचे व्याज वाचते.

चुकते कुठे, तेही सांगतो. ठेवीची किमान मुदत ७ दिवसांची असते. त्याआधी पैसे परत ओढले गेले तर त्या तुकड्यावर व्याज मिळत नाही. महिन्यातून चार वेळा पैसे काढणाऱ्याला म्हणून या सोयीचा फारसा लाभ होत नाही. दुसरे असे की, बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस कापत नाहीत, पण स्वीप होऊन ठेवीत गेलेल्या रकमेचे व्याज हे ठेवीचेच व्याज धरतात. ज्येष्ठ नागरिकांना एका बँकेतले असे व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेले की टीडीएस लागतो. मर्यादा किती, तुकडा कितीचा आणि मोडल्यावर दंड आहे का, हे तीन प्रश्न शाखेत विचारून पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

प्रश्न : क्रिकेटमधल्या स्वीपमध्ये झाडू कुठून आला? स्लॉग स्वीप, पॅडल स्वीप आणि स्वाइप यांत फरक काय? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मानेवाडा

उकिडवे बसून केरसुणीने अंगण झाडणाऱ्या माणसाचा हात बघा. केरसुणी आडवी, जमिनीलगत, आणि हात एका बाजूकडून दुसरीकडे अर्धवर्तुळात जातो. स्वीप मारताना फलंदाज तेच करतो. पुढचा पाय चेंडूच्या टप्प्याकडे लांब टाकायचा, मागचा गुडघा जमिनीला टेकवायचा, आणि आडवी बॅट जमिनीलगत फिरवून चेंडू स्क्वेअर लेगच्या मागे पाठवायचा. बॅटीचा तो चाप म्हणजेच झाडूचा चाप.

या फटक्याचे धोके बॅटीच्या आडवेपणातच आहेत. उभी बॅट चेंडूच्या उंचीतली चूक झाकते, आडवी बॅट झाकत नाही. चेंडू अंदाजापेक्षा जास्त उसळला की वरची कड लागून झेल उडतो, खाली राहिला की बॅटीखालून पॅडवर आदळतो आणि फलंदाज पायचीत होतो. लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर पायचीत देता येत नाही. म्हणून तिथला स्वीप त्या मानाने निर्धास्त आणि मधल्या स्टंपवरचा जोखमीचा.

‘स्लॉग स्वीप’मध्ये गुडघा तसाच टेकलेला, पण चेंडू हवेतून मिडविकेटवर भिरकावलेला. ‘पॅडल’मध्ये जोर नाहीच, चेंडूला नुसती दिशा द्यायची. ‘रिव्हर्स’मध्ये चाप उलटा. उजव्या हाताचा फलंदाज चेंडू ऑफच्या बाजूला झाडतो. आपल्या जामठ्याच्या मैदानावर ९ फेब्रुवारी २०२३ रोजी ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅलेक्स कॅरी याच फटक्यांनी ३६ धावांपर्यंत पोचला आणि याच फटक्यावर अश्विनच्या चेंडूवर त्रिफळाचीत झाला; अश्विनचा तो कसोटीतला ४५०वा बळी. त्याच्याही आधीचा प्रसिद्ध रिव्हर्स स्वीप ८ नोव्हेंबर १९८७चा, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवरचा. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अ‍ॅलन बॉर्डरच्या पहिल्याच चेंडूवर माइक गॅटिंगने तो मारला, झेल यष्टिरक्षकाच्या हातात गेला आणि इंग्लंड शेवटी ७ धावांनी हरले.

‘स्वाइप’ मात्र कौतुकाचा शब्द नव्हे. नजर, पाय, टप्पा कशाचाच मेळ न घालता जोरात आडवी बॅट फिरवणे म्हणजे स्वाइप. आपण ‘आंधळा फटका’ म्हणतो तो. ‘ही प्लेड अ गुड स्वाइप’ असे तुमच्या कॉलेजच्या अहवालात आले असेल तर खोडून ‘स्वीप’ करा. आणि सीमारेषेजवळ धावून चौकार अडवणारा ‘स्वीपर’ हा तिकडे येणारे सगळे झाडून गोळा करतो म्हणून स्वीपर.

प्रश्न : बातम्या भाषांतरित करताना ‘स्वीपिंग चेंजेस’, ‘स्वीपिंग स्टेटमेंट’, ‘क्लीन स्वीप’ वगैरे रोज येते. ‘व्यापक’ हा एकच शब्द सगळीकडे लावून कंटाळा आला. — उपसंपादक, सीताबर्डी

कंटाळा यायलाच हवा, कारण ‘व्यापक’ने वाक्यातला जोर निघून जातो. आणि मराठीत याच झाडूतून निघालेले शब्द हाताशी आहेत.

‘स्वीपिंग चेंजेस’मध्ये मुद्दा असा की कोपरा शिल्लक राहिला नाही. ‘खात्याचा कारभार मुळापासून बदलला’, ‘झाडून सगळे नियम बदलले’. या ‘झाडून’कडे जरा थांबून बघा. ‘लग्नाला झाडून सारे नातेवाईक आले’ असे आपण म्हणतो तेव्हा हातात झाडू नसतो. एकही सुटला नाही, एवढेच सांगायचे असते. इंग्रजी ‘स्वीपिंग’ आणि मराठी ‘झाडून’ हे दोघे वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलेत. भाषांतरात इतका नेमका जोड क्वचित मिळतो, तो वापरा.

‘स्वीपिंग स्टेटमेंट’ हे मात्र दूषण आहे. बारकावे न बघता सगळ्यांना एकाच झाडूने लोटणे. त्यासाठी ‘सरसकट विधान’. लेखात थोडी मोकळीक असेल तर ‘सब घोडे बारा टक्के’ ही म्हण अर्थ पुरा पोचवते.

‘सिक्युरिटी स्वीप’, ‘पोलिसांनी इमारतीचा स्वीप केला’ यासाठी ‘झाडाझडती’ आहेच. तळघरापासून गच्चीपर्यंत एकेक खोली रिकामी आहे याची खात्री करत जाणे म्हणजे स्वीप. एकाच संशयिताच्या घरी जाऊन कपाट उघडले, तर ती नुसती झडती. तिथे इंग्रजीतही ‘सर्च’ येईल.

‘क्लीन स्वीप’ निवडणुकीत ‘सुपडा साफ’ किंवा ‘निर्विवाद बाजी’. पण एक काळजी घ्या. मालिकेतले सगळे सामने जिंकले तरच क्लीन स्वीप. चारपैकी तीन जिंकले तर नव्हे. निवडणुकीत हा नियम सैल आहे. २०१५ साली दिल्लीत आम आदमी पक्षाला ७०पैकी ६७ जागा मिळाल्या, तीन उरल्या, तरी ‘स्वीप’ म्हटले गेले. त्या पक्षाचे चिन्हच झाडू, त्यामुळे मथळे लिहिणाऱ्यांना शब्द आयता मिळाला.

शेवटचे म्हणजे ‘स्वीप अंडर द कार्पेट’. ‘गालिच्याखाली ढकलले’ असे छापू नका. आपल्याकडे प्रकरणावर ‘पांघरूण घालतात’.

प्रश्न : निवडणुकीच्या वेळी आमच्या शाळेला ‘स्वीप’ उपक्रमाचे पत्र आले. काही सहकाऱ्यांनी स्वच्छता मोहीम समजून झाडू मागवले. — मुख्याध्यापिका, हिंगणा रस्ता

देवनागरीत लिहिल्यावर दोन वेगळे शब्द एकसारखे दिसतात, त्याचा हा परिणाम. निवडणूक आयोगाचा स्वीप म्हणजे ‘सिस्टिमॅटिक व्होटर्स एज्युकेशन अँड इलेक्टोरल पार्टिसिपेशन’ या नावातल्या अद्याक्षरांचा शब्द. त्यात डब्ल्यू नाही, व्ही आहे. मतदार जागृतीची प्रभातफेरी, चित्रकला स्पर्धा, नवमतदारांची नोंदणी हे त्याचे काम. सूचनाफलकावर ‘स्वीप (मतदार जागृती)’ असे लिहा, गोंधळ टळेल.

प्रश्न : अंबाझरीच्या पुराबद्दल मुलीला इंग्रजीत निबंध लिहायचा होता. ‘स्वेप्ट अवे’, ‘वॉश्ड अवे’, ‘कॅरीड अवे’ यांतले कुठे काय लिहावे? — पालक, डागा लेआउट

२३ सप्टेंबर २०२३ची ती पहाट. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तिथलीच उदाहरणे घेऊ.

लोंढ्याने उभी दुचाकी उचलून गल्लीच्या टोकाला नेली, तर ती ‘स्वेप्ट अवे’. इथे पाण्याचा जोर आणि ओढ महत्त्वाची. रस्त्याच्या कडेची माती हळूहळू खचून निघून गेली, तर ती ‘वॉश्ड अवे’; इथे पाणी झिजवते, विरघळवते. पाणी घराघरांतून घुसून पुढे गेले, तर ‘स्वेप्ट थ्रू’. ‘अवे’ आणि ‘थ्रू’ची अदलाबदल झाली की घरेच वाहून गेली असा अर्थ होतो, हे मुलीला मुद्दाम सांगा. ‘कॅरीड अवे’ वस्तूंबद्दल चालते, पण माणसाबद्दल लिहिले की बहुतेक वेळा ‘भावनेच्या भरात वाहवत गेला’ असाच अर्थ लागतो. पुरात सापडलेल्या माणसासाठी तो शब्द नको.

शेतजमिनीचे वेगळे आहे. तलाठ्याच्या पंचनाम्यात ‘खरडून गेलेली जमीन’ असा शब्द असतो, म्हणजे वरचा सुपीक थर पाण्याने ओरबाडून नेलेला. त्याला ‘स्वेप्ट अवे’ म्हणू नये. जमीन जागेवरच आहे, थर गेला. म्हणून ‘टॉपसॉइल वॉज वॉश्ड अवे’. नुकसानभरपाईच्या कागदांत ‘पुरात बुडालेले पीक’ आणि ‘खरडून गेलेली जमीन’ या वेगळ्या बाबी असतात, तेव्हा इंग्रजी अर्जातही त्या वेगळ्याच ठेवाव्यात.

प्रश्न : माझे कापडाचे दुकान आहे. ग्राहक कार्ड मशीनवर नुसते टेकवतात, तरी सगळे ‘स्वाइप केले’ म्हणतात. बरोबर आहे का? आणि एका ग्राहकाने बँकेला इंग्रजीत लिहिले, ‘माय कार्ड वॉज स्वाइप्ड’. बँकेने कार्डच बंद केले! — व्यापारी, इतवारी

बँकेने वाचले ते चूक नव्हते. ‘स्वाइप’ म्हणजे एका रेषेत झटक्याने नेलेला हात. मांजर पंजा मारते तो स्वाइप, मोबाइलच्या काचेवर बोट सरकते तो स्वाइप, आणि बोलभाषेत हात मारून एखादी वस्तू लांबवणे तेही स्वाइप. ‘माय कार्ड वॉज स्वाइप्ड’चे दोन अर्थ होतात : मशीनवर फिरवले आणि चोरले. तक्रारीच्या पत्रात असला दुहेरी शब्द कधीही वापरू नये. चोरी असेल तर ‘स्टोलन’ लिहा. व्यवहार दोनदा झाला असेल तर ‘आय वॉज चार्ज्ड ट्वाइस’ लिहून तारीख आणि रक्कम द्या.

मशीनचे म्हणाल तर तिथे आता तीन वेगळ्या क्रिया आहेत. कार्डामागची काळी पट्टी चुंबकीय असते. ती खाचेतून सरकत असताना मशीन वाचते, थांबून असताना नाही. म्हणून हात मध्येच अडखळला की ‘रीड एरर’ येतो. एका वेगाने, एका दमात, टोकापासून टोकापर्यंत न्यावे लागते. हाच खरा स्वाइप. चिप असलेले कार्ड खाचेत घालून तसेच ठेवतात, ते ‘इन्सर्ट’. व्यवहार संपण्याआधी उपटले तर व्यवहार फसू शकतो. आणि वायफायसारखी खूण असलेले कार्ड मशीनपासून ३-४ सेंटिमीटरवर धरतात, ते ‘टॅप’. त्यात ५ हजार रुपयांपर्यंत पिन लागत नाही. मेट्रोच्या फाटकावर कार्ड टेकवता तेही टॅपच. तिथे घाईत कार्ड घासून पुढे गेले की फाटक उघडत नाही. तोंडी बोलण्यात ‘स्वाइप’ चालू द्या, सगळ्यांना कळते. नोकरांसाठी सूचना लिहिताना मात्र तीन वेगळे शब्द लिहा.

याच कुळातला ‘साइडस्वाइप’ विम्याच्या अर्जात भेटतो. कामठी रस्त्यावर बाजूने जाणारा ट्रक कारच्या लांबीला घासून गेला, म्हणजे आपल्या भाषेत ‘चाटून गेला’, तर साइडस्वाइप. चौकात आडव्या आलेल्या गाडीने दारावर धडक दिली, तर तो साइडस्वाइप नव्हे. पहिल्यात लांब ओरखडे आणि तुटलेला आरसा, दुसऱ्यात आत दबलेले दार. सर्वेक्षक गाडी बघतो तेव्हा शब्द आणि खुणा जुळल्या पाहिजेत.

प्रश्न : गंधकाच्या पुड्यावर इंग्रजीत ‘डस्ट द क्रॉप’ लिहिले होते. मुलगा म्हणाला, पिकावरची धूळ झटकायची आहे. — शेतकरी, काटोल तालुका

मुलाने शाळेतला अर्थ लावला. ‘डस्ट’चे दोन अर्थ एकमेकांच्या उलट आहेत : टेबल डस्ट केले की धूळ निघते, पीक डस्ट केले की भुकटी बसते. काढायचे की टाकायचे, हे पुढच्या नामावरून ओळखायचे. यासाठी कृषी विभागाचा मराठी शब्द चोख आहे : धुरळणी. पाण्यात मिसळून मारतात ती फवारणी, कोरडी भुकटी उडवतात ती धुरळणी.

भुरी रोगावर ३०० मेश गंधकाची भुकटी हेक्टरी २० किलो धुरळतात. ३०० मेश म्हणजे एका इंचात ३०० छिद्रे असलेल्या चाळणीतून जाईल इतकी बारीक. जाड भुकटी पानावर न टिकता खाली पडते. सकाळी दव असताना, वारा पडलेला असताना धुरळणी करावी, नाक-तोंड आणि डोळे झाकावेत. रणरणत्या उन्हात केल्यास गंधकाने पाने करपतात. पुड्यावर त्या पिकाचे नाव आणि मात्रा दिली असेल तीच पाळा. पाण्यात मिसळायचे गंधक वेगळे मिळते, ते धुरळायचे नसते.

जोडीला शेतीतलेच आणखी दोन ‘स्वीप’. कल्टिव्हेटरच्या फणाला लावतात ते पसरट, इंग्रजी व्हीच्या आकाराचे पाते म्हणजे स्वीप. ते माती न पलटता जमिनीखालून तणाची मुळे कापत जाते. आपल्या वखराची पास हेच काम करते. आणि सोयाबीनच्या कीड-सर्वेक्षणात ‘१० स्वीपमध्ये इतक्या अळ्या’ असे लिहिलेले असते, ते काठीच्या टोकाला लावलेल्या गोल जाळीचे फेरे. चालत चालत पिकाच्या शेंड्यावरून जाळी डावीकडून उजवीकडे नेली की एक स्वीप; परत आणली की दुसरा. जाता-येता मिळून एकच मोजला तर किडीचा आकडा दुप्पट दिसतो आणि फवारणी विनाकारण होते.

प्रश्न : संत गाडगेबाबांवरच्या इंग्रजी भाषणात माझ्या भाच्याने ‘ही वॉज अ स्वीपर’ असे लिहिले. खटकले, पण नेमके कारण सांगता येईना. — वाचक, नंदनवन

खटकले ते योग्यच. क्रियापद केलेले काम सांगते. ‘स्वीपर’ हे नाम आपल्या देशात नुसते काम सांगत नाही. कचेऱ्यांच्या जुन्या नोंदींत ते एका हुद्द्याचे नाव होते आणि तो हुद्दा पिढ्यानपिढ्या ठराविक जातींवर लादला गेला. म्हणून आज मराठीत ‘सफाई कामगार’ आणि इंग्रजीत ‘सॅनिटेशन वर्कर’ लिहावे. सोसायटीच्या सूचनेत, पगाराच्या रजिस्टरमध्ये, मुलांच्या निबंधात, सगळीकडेच. हा बदल कुणाला किरकोळ वाटेल. ज्याला त्या नावाने हाक मारली जाते त्याला वाटत नाही.

शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात पोचले की आधी खराटा हातात घेत, रस्ते आणि गटारे साफ करत, आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. ते काम त्यांनी स्वतःहून उचललेले होते. भाच्याला सांगा : ‘ही स्वेप्ट द व्हिलेज लेन्स विथ हिज ओन हँड्स’. एका नामाऐवजी क्रियापद आले आणि माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला. ‘स्वीप’चा भूतकाळ ‘स्वेप्ट’ हेही यातच शिकून होईल. ‘स्वीप्ड’ असे रूप नाही.

प्रश्न : पर्यटकांसाठी घरातल्या दोन खोल्या देतो. कामाच्या बायांसाठी आणि पाहुण्यांसाठी इंग्रजी-मराठी यादी करायची आहे. ‘पोछा मारणे’ला काय लिहू? — गृहिणी, धरमपेठ

‘पोछा मारणे’ म्हणजे ‘मॉप’. पुण्याकडचे पाहुणे ‘फरशी पुसणे’ म्हणतील, तेही मॉपच. ‘वाइप’ हे ओटा, आरसा, टेबल अशा हाताने पुसायच्या गोष्टींसाठी. ‘स्क्रब’ म्हणजे जोर लावून घासणे : कूलरच्या टाकीत उन्हाळाभर बसलेला पांढरा क्षार किंवा नळाभोवतीचा डाग. ‘डस्ट’ म्हणजे फडक्याने धूळ टिपणे. झटकलेली धूळ परत बसते म्हणून फडके किंचित ओले हवे. फडा, केरसुणी, कुंचा काहीही हातात असले तरी क्रिया ‘स्वीप’.

यादी कामाच्या क्रमाने लिहा, म्हणजे तीच शिकवण होते. आधी पंखा आणि कपाटाचा माथा डस्ट, मग खिडक्यांचे कठडे, मग स्वीप, शेवटी मॉप. पंखा शेवटी पुसला की पुसलेल्या फरशीवर धूळ पडते आणि काम दुप्पट होते. केर न काढता पोछा मारला की केस आणि माती फरशीवर चिकटून ओल्या रेघा उठतात. खोलीच्या आतल्या कोपऱ्यापासून मागे सरकत दाराकडे या. पाणी गढूळ झाले की बदला. एका बादलीत दोन्ही खोल्या उरकल्या तर दुसरीची फरशी वाळल्यावर पांढुरकी दिसते. न्हाणीघराचा पोछा वेगळा ठेवा.

‘मॉप-अप’ मात्र या यादीत नको. त्याचा अर्थ सांडलेले टिपून घेणे आणि त्यावरून राहिलेले गोळा करणे. अंगणवाडीत जंतनाशक गोळ्यांच्या दिवसानंतर ‘मॉप-अप डे’ असतो, तो गैरहजर राहिलेल्या मुलांसाठी.

प्रश्न : उलटा प्रश्न. मराठी ‘झाडणे’ला इंग्रजीत दरवेळी ‘स्वीप’ का चालत नाही? — नववीची विद्यार्थिनी, सक्करदरा

कारण मराठी ‘झाडणे’त झटका आहे आणि इंग्रजी ‘स्वीप’मध्ये ओघ. अंगण झाडताना दोन्ही असतात, म्हणून तिथे दोन्ही शब्द जुळतात. चादर झाडताना ओघ नसतो, नुसता झटका : ‘शेक आउट’. गोळी झाडली : ‘फायर्ड’. घोड्याने लाथा झाडल्या : ‘किक्ड’. बाईंनी उशिरा आल्याबद्दल झाडले : ‘टोल्ड मी ऑफ’. जबाबदारी झटकली : ‘ब्रश्ड ऑफ’ चालेल, पण ‘शर्क्ड’ अधिक नेमके. उलट बाजूने, घारीने पिलावर झडप घातली : ‘स्वूप्ट डाउन’. या ‘स्वूप’मध्ये झटकाही आहे आणि वरून खाली येणारा चापही.

तुझ्या वहीत एक गंमत करून बघ. एका बाजूला स्वीप, स्विंग, स्वे, स्वर्ल, स्वूप, स्वाइप लिही. सगळ्यांत हात किंवा अंग मोठ्या वळणाने फिरते. दुसऱ्या बाजूला झाडणे, झटकणे, झुलणे, झोका, झेप, झडप, झपाटा. तिकडे ‘स्व’, इकडे ‘झ’. एकेकाचा जोडीदार शोधताना काहींना मिळेल, काहींना मिळणार नाही. न मिळालेले शब्द आम्हाला लिहून पाठव.

प्रश्न : ‘आय डिड ब्रश’ चूक का? — वाचक, वाडी

मराठीत ‘ब्रश केला’ म्हणजे दात घासले, हे ठरून गेले आहे. इंग्रजीत ‘ब्रश’ला कर्म लागते : दात, केस, की कोट? ‘आय ब्रश्ड माय टीथ’ लिहा. ‘ब्रश अप’ म्हणजे उजळणी करणे, ‘ब्रश अगेन्स्ट’ म्हणजे अंगाला घासून जाणे, आणि बातमीतला ‘ब्रश विथ डेथ’ म्हणजे मरण चाटून गेले.